ठोका चुकला कुठे?

कळमन्याच्या बाजारात दिवस फार लवकर सुरू होतो. शहर अजून झोपेत असते, पण भंडारा रोडच्या बाजूने आत वळणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. काटोल-नरखेडकडची संत्री, कांदे-बटाट्याची पोती, धान्य, मिरची. हा सगळा माल घेऊन ट्रक येतात, मेटॅडोर येतात, ‘छोटा हत्ती’ येतो आणि मागची बाके काढून टाकलेल्या व्हॅनही येतात. वर्तमानपत्रात कळमन्याचे नाव छापून येते ते बहुधा संत्र्याच्या किंवा मिरचीच्या भावासाठी. आज मात्र मालाविषयी काही सांगायचे नाही. तो वाहून आणणाऱ्या गाडीविषयी, आणि त्यातही तिच्या एकाच दुखण्याविषयी बोलायचे आहे. हे दुखणे तुमच्या-आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीलाही तितकेच जडते.

दुखण्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. “भाऊ, गाडी मिसिंग मारून राहिली,” एवढे म्हटले की नागपुरातल्या कोणत्याही मिस्त्रीला पुढचे काही सांगावे लागत नाही. इंग्रजीत या दोषाला मिसफायर म्हणतात. आपल्या मिस्त्रीलोकांनी त्याचे ‘मिसिंग’ केले आणि तो शब्द घराघरांत गेला. गाडीच्या इंजिनात तीन किंवा चार सिलिंडर असतात. त्यांनी ठरलेल्या क्रमाने, एकामागून एक पेटायचे असते. त्यातला एखादा आपली पाळी आली तरी पेटत नाही, किंवा अर्धवट पेटतो. तबल्याच्या ठेक्यातली एक मात्रा दर आवर्तनात गळावी, तसे होते. गाडी चालते, पण ज्याला कान आहे त्याला चैन पडत नाही.

ज्याला कान नाही त्यालाही ते कळतेच. सिग्नलला गाडी उभी असली की स्टिअरिंग थरथरते, आरसा हलतो, मागे बसलेली मुले “बाबा, गाडीला थंडी वाजते का?” असे विचारतात. पारडीच्या पुलावर चढताना पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी उठत नाही, झटके देते. मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. महिन्याच्या हिशोबात पेट्रोलचा आकडा फुगतो. नव्या गाडीत समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. आणि भरलेली गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर एखाद्या ट्रकला ओलांडायला जावे, तर अर्ध्यावर गेल्यावर लक्षात येते की हाताशी होती ती ताकद आता नाही. या दुखण्यातला जिवावर बेतणारा भाग हाच. थरथर सोसता येते. समोरून दिवे येत असताना गाडीने मान टाकणे सोसवत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. थरथरणारी प्रत्येक गाडी मिसिंग मारत नसते. इंजिन ज्या रबरी पायांवर बसवलेले असते, ज्यांना मिस्त्री ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते खचले तरी गाडी उभ्या-उभ्या थरथरते. पण तेव्हा तिची ओढण्याची ताकद शाबूत असते, आणि धुराड्यातून येणारा आवाज एकसारखा असतो. मिसिंगमध्ये धुराड्याच्या तोंडाशी हात धरला तर फुंकर मधेच अडखळल्यासारखी लागते. हा फरक पाच मिनिटांत करता येतो. तो न केल्यामुळे फाउंडेशनच्या दोषासाठी प्लग बदलले जातात.

गॅस, ठिणगी आणि कुकरची रिंग

सिलिंडरात नेमके काय व्हायचे असते? जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चार टप्प्यांचे जे इंजिन चालवून दाखवले, त्याच तत्त्वावर आजही आपल्या बहुतेक पेट्रोल गाड्या चालतात. दट्ट्या खाली येतो, हवा आणि पेट्रोल आत ओढले जाते. दट्ट्या वर जातो, मिश्रण दाबले जाते. प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्याला खाली रेटते. पुन्हा वर जाताना जळका धूर बाहेर टाकला जातो. या चार टप्प्यांत काम होते ते एकाच टप्प्यात. बाकीचे तीन त्या एकाच्या जिवावर निघतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो, चार सिलिंडरांचे मिळून १०० स्फोट. त्यातले २५ गेले की उरलेले ७५ केवळ गाडीच ओढत नाहीत, निकामी झालेल्या चौथ्यालाही ओढत नेतात. तीन सिलिंडरांच्या गाडीत तर सरळ तिसरा हिस्सा जातो. मारुती ८०० किंवा जुनी मारुती व्हॅन चालवलेल्यांना हे सांगायला नको. एक प्लग गेला की ती गाडी दोन पोरांनी ढकलल्यासारखी चाले.

पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात आणि त्या तिन्ही आपल्या स्वयंपाकघरात आहेत. शेगडीचा कान पिळला आणि लायटर दाबला, पण ठिणगीच पडली नाही, तर गॅसचा वास सुटतो, ज्योत नाही. ठिणगी पडली, पण बर्नरची भोके खरकट्याने बुजलेली आहेत किंवा टाकी संपत आली आहे, तर ज्योत फडफडते आणि विझते. शेगडी उत्तम पेटली, पण कुकरची रिंग झिजली आहे, तर वाफ बाजूने निघून जाते आणि शिट्टी काही होत नाही. ठिणगी, इंधन आणि दाब. इंजिनातही हीच तीन दारे, आणि मिसिंगचे कारण यांतल्याच कोणत्यातरी दारात उभे असते. कुकरच्या रिंगेला आपण गॅस्केट म्हणतो, इंजिनाच्या डोक्याखालच्या पत्र्यालाही गॅस्केटच म्हणतात. काम दोघांचे एकच.

म्हणजे मिसिंग मारणाऱ्या गाडीपुढे दोन प्रश्न असतात. कोणता सिलिंडर? आणि का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पुढच्या सगळ्या खर्चाचा गोंधळ होतो तो ते एकच समजल्यामुळे.

‘डेल्को’चे दिवस

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जुनी रीत फार देखणी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घरात असलेल्या पिढीला ती आठवत असेल. इंजिन चालू ठेवून मिस्त्री एकेका प्लगवरची वायर काढी. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर काम करत होता. काढूनही आवाजात काही फरक पडला नाही, तर गुन्हेगार सापडला. जो मुळातच काम करत नाही, त्याची वायर काढल्याने काय बिघडणार? हे करताना हाताला असा झटका बसे की शेजारच्या दुकानातही कळे. १२ व्होल्टच्या बॅटरीतून प्लगपाशी पोहोचेपर्यंत कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते. त्याशिवाय दाबलेल्या हवेतून मिलिमीटरभराची फट ओलांडून ठिणगी उडीच मारू शकत नाही.

हा विजेचा दाब ज्या डबीतून क्रमाने एकेका सिलिंडरला वाटला जाई, तिला आपले मिस्त्री ‘डेल्को’ म्हणत, आजही म्हणतात. गंमत अशी की हा यंत्राच्या भागाचा शब्दच नव्हे. १९०९ साली अमेरिकेतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी जी कंपनी काढली, तिच्या लांबलचक नावातल्या आद्याक्षरांचा तो शब्द. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी ठिणगी-व्यवस्था पुढे पाऊणशे वर्षे मोटारींत राहिली, ती केटरिंग यांची. वनस्पती तुपाला आपण ‘डालडा’ म्हणत आलो, तसेच हे. डेल्कोची टोपी तडकणे, आतला पॉइंट जळणे, कंडेन्सर बसणे ही त्या काळातल्या मिसिंगची नेहमीची कारणे. रविवारी सकाळी प्लग काढून, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून, पुन्हा लावणे हा कित्येक घरांतला कार्यक्रम असे. पावसाळ्यात डेल्कोच्या टोपीत ओल शिरली की कोरड्या फडक्याने पुसून गाडी चालू करता येई. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे गेला की पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी झटके देत बंद पडे. मग त्यावर ओले फडके टाकून सावलीत थांबायचे. उन्हाळ्यात बोनेट उघडून झाडाखाली उभ्या असलेल्या मोटारी नागपूरकरांनी काही कमी पाहिल्या नाहीत.

प्लग हाही तेव्हा वाचायचा कागद होता, आणि खरे म्हणजे आजही आहे. टोकाला फिकट कॉफीचा रंग असेल तर सारे ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. मिरचीच्या आणि धान्याच्या फोलपटात दिवसभर उभ्या राहणाऱ्या कार्बोरेटरच्या गाडीचा एअर फिल्टर तुंबला की प्लग हमखास असा काळा होई. चिकट, तेलकट काळेपणा असेल तर ऑइल आत येते आहे. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर सिलिंडर प्रमाणाबाहेर तापतो आहे. आणि पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते आहे पण पेटत नाही. चारही प्लग काढून क्रमाने कागदावर मांडले तर तीन सारखे आणि एक वेगळा, हे शाळकरी मुलालाही दिसते.

यंत्र नाव सांगते, कारण सांगत नाही

आता डेल्को गेला. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसली आणि सगळ्यांवर एका संगणकाची नजर आली. कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले. मिसिंग कोणत्या सिलिंडरात आहे, हे गाडी स्वतःच सांगू लागली. अमेरिकेत १९९६ सालापासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. भारतात ती टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज सहा’ लागू झाल्यावर नव्या गाड्यांत ती सर्वत्र झाली. स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनर जोडला की कोड उमटतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसरा, याप्रमाणे. ‘पी ०३००’ म्हणजे दोष एका जागी नाही, इकडे-तिकडे होतो आहे.

संगणकाला हे कळते कसे? तो काही सिलिंडरात डोकावत नाही. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर दात्यांचे चाक असते, आणि त्याशेजारी एक सेन्सर प्रत्येक दाता जाताना वेळ मोजतो. सिलिंडर पेटला की दांडा किंचित वेग घेतो. पेटला नाही की त्या क्षणी किंचित रेंगाळतो. कोणाच्या पाळीला रेंगाळला, ते मोजले की झाले. म्हणजे मिस्त्रीचा कान जे करत होता तेच, फक्त अधिक बारकाईने. त्यातही फसगत होते. फार खडबडीत रस्त्यावर चाकांना बसणारे हिसके दांड्यापर्यंत पोहोचतात आणि संगणकाला तो चुकलेला ठोका वाटू शकतो. म्हणून काही गाड्यांत खराब रस्ता ओळखून ही मोजणी तात्पुरती थांबवण्याची सोय केलेली असते. आपल्याकडच्या रस्त्यांवर ती मोजणी किती वेळ चालू राहत असेल, हा विचार मनात येतोच.

पण मुद्दा पुढचा आहे. स्कॅनरवर ‘दुसरा सिलिंडर’ असे आले, म्हणजे कोणता या प्रश्नाचे उत्तर मिळाले. का, या प्रश्नाला अजून हातही लागलेला नाही. आणि नेमके इथेच पुष्कळ गॅरेजांत, मोठ्या झगझगीत गॅरेजांतही, छापील कागद पुढे येतो: चारही प्लग, चारही कॉइल, इंजेक्टर सफाई. गाडी कधी सुधारते, कधी नाही.

एक उदाहरण मनाशी मांडून पाहू. काटोलकडून संत्र्याचे क्रेट घेऊन कळमन्याला येणारी एखादी चार सिलिंडरांची पेट्रोल व्हॅन धरा. चढावर झटके देते, दिवा लागला आहे, कोड दुसऱ्या सिलिंडराचा. मालकाला उद्या पहाटे पुन्हा बाजारात पोहोचायचे आहे, कारण लिलाव गाडीसाठी थांबत नाही. आता काय करावे?

जाणता मिस्त्री अशा वेळी काही विकत आणण्याआधी पाने-पेचकस हातात घेतो. दुसऱ्या सिलिंडरावरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावतो आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसून टाकतो आणि गाडी त्याच चढावर नेतो. आता तक्रार तिसऱ्या सिलिंडराकडे गेली, तर कॉइल दोषी. एकच बदला, काम झाले. तक्रार दुसऱ्याच सिलिंडरात राहिली, तर कॉइल निर्दोष सुटली. मग प्लगची अशीच अदलाबदल. तो काढलेला असतानाच त्याचा रंग बघायचा, पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ आहे का ते पाहायचे. ठिणगी टोकाशी न पडता त्या रेघेवरून बाजूला पळून जात असते. प्लगच्या खळग्यात ऑइल किंवा पाणी साचले आहे का तेही तेव्हाच दिसते. काही गाड्यांत एकच कॉइल दोन सिलिंडरांना पुरवते. तिथे पहिला आणि चौथा असे जोडीने मिसिंग आले, तर संशय सरळ त्या कॉइलवर.

ठिणगीचे दार बंद झाले की इंधनाकडे वळायचे. लांब पेचकसाचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की आतली टिकटिक ऐकू येते. डॉक्टरांच्या नळीइतकेच जुने आणि भरवशाचे साधन. तीन टिकटिकतात आणि एक गप्प असेल, तर आधी त्याच्या वायरीकडे पाहावे. धान्याच्या बाजाराजवळ रात्री उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली असण्याची शक्यता नव्या इंजेक्टरच्या किमतीपेक्षा फार जवळची आहे. मिसिंग फक्त गाडी उभी असताना येते आणि रेस वाढवली की नाहीसे होते, तर कुठूनतरी चोरवाटेने हवा आत शिरत असण्याचा संभव. तडकलेली रबरी नळी फुसफुसते, ऐकले तर ऐकू येते. उलट, गाडी उभी असताना उत्तम आणि भार पडला की झटके, तर दुबळी झालेली ठिणगी किंवा दमलेला पेट्रोल पंप.

यातही सापडले नाही, तर मग दाब. प्लगच्या जागी दाब मोजण्याचे घड्याळ लावायचे, ठिणगी आणि पेट्रोल बंद ठेवून स्टार्टर फिरवायचा, चारही आकडे कागदावर लिहायचे. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती, हे महत्त्वाचे. एक फारच खाली असेल तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या. ऑइलने तात्पुरती फट भरली. चढला नाही तर वॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा हेड गॅस्केट गेले. शेजारी-शेजारी असलेले दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर गॅस्केट त्यांच्या मधोमध फुटल्याचा संशय बळावतो. दाबाच्या दारापर्यंत आलेल्या गाडीला मोठा खर्च आहे, हे खरे. पण मग नव्या कॉइलवर पैसे घालवून काय उपयोग झाला असता?

या सगळ्याला किती वेळ लागतो? बहुतेक गाड्यांत कॉइल-प्लगची अदलाबदल तासाभराच्या आतली. पण या तासाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. “नुसतं पाहायचे पैसे?” हा प्रश्न गॅरेजच्या दारात रोज विचारला जातो. डॉक्टरने नाडी पाहिली तर आपण मुकाट्याने फी देतो. मिस्त्रीने नाडी पाहिली तर ती फुकट असावी, असे आपल्याला वाटते. मग मिस्त्रीने जगायचे कशावर? सुटे भाग विकून. आपणच त्याला पाहण्याऐवजी बदलण्याकडे ढकलतो, आणि मग तो लुटतो म्हणून बोटे मोडतो. लुटणारेही आहेत, पण कोणत्या रीतीने त्यांना वाव दिला, हेही पाहायला हवे. गाडी टाकताना “तपासणीचे काय ते घ्या, पण काय सापडले ते सांगितल्याशिवाय काही बदलू नका, आणि काढलेला भाग मला परत द्या,” एवढे म्हटले तरी व्यवहाराचा सूर बदलतो.

दिवा लुकलुकतो तेव्हा

घाई न करण्याचा सल्ला एका जागी मात्र लागू नाही. तो पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी, हे बरे. कारण असे: पेट न घेतलेले पेट्रोल जसेच्या तसे धुराड्याकडे जाते. तिथे वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली त्याची आतली वीट, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा मुलामा. विषारी धुराचे रूपांतर करणे हे त्याचे काम. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो बसवणे सक्तीचे झाले. शिसेमिश्रित पेट्रोलने तो निकामी होतो, म्हणून त्याच वेळी त्या शहरांत बिनशिशाचे पेट्रोल आले आणि २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसे बंद झाले. या डब्यात कच्चे पेट्रोल जाऊन पडले की ते तिथेच जळते, डबा लाल होईपर्यंत तापतो आणि आतली वीट वितळून छिद्रे बुजतात. मग कॉइल बदलली, ठोका परत आला, तरी गाडी ओढत नाही, कारण तिचा श्वासच कोंडलेला असतो. प्लगचा खर्च शेकड्यांतला, कॉइलचा फार तर काही हजारांतला. या डब्याचा त्याहून कितीतरी मोठा. शिवाय तेच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि इंजिनातले ऑइल पातळ करते.

पीयूसीचा कागद आपण पोलिसांना दाखवण्यासाठी ठेवतो. पण त्यावर हायड्रोकार्बनचा आकडा छापलेला असतो. गेल्या खेपेपेक्षा तो एकदम चढला असेल, तर कुठेतरी पेट्रोल न जळता बाहेर पडते आहे. मिसिंग कानाला कळण्याआधी कधी कधी ते तिथे कळते.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांची एक वेगळी गोष्ट आहे. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. त्यामुळे प्लग किंवा कॉइल म्हातारी होऊ लागली की आधी गॅसवर मिसिंग येते, पेट्रोलवर गाडी गुळगुळीत चालते. आणि लोक गॅसच्या किटला दोष देत बसतात. गॅसवर खूप चाललेल्या गाडीचे वॉल्व्ह हळूहळू आपल्या बैठकीत रुततात, टॅपेटची फट नाहीशी होते, वॉल्व्ह पुरते मिटत नाहीत आणि दाब गळतो. वेळीच टॅपेट सेटिंग केले तर हेड उतरवण्याची वेळ येत नाही.

आणि इथेनॉल? पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल सर्वत्र मिळू लागल्यापासून गाडीचे प्रत्येक दुखणे त्याच्या माथी मारण्याची पद्धत पडली आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, हे खरे. फार दिवस उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीत त्याचा त्रास होऊ शकतो, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, हेही खरे. पण एकाच टाकीतले पेट्रोल चारही सिलिंडरांत जाते. मिसिंग जर एकाच सिलिंडरात असेल तर आधी त्या सिलिंडराकडे पाहावे. इंधनाच्या नावाने शंख करणे सोपे असते, पेचकस उचलणे जरा अवघड.

कळमन्यात येणारे ट्रक बहुतेक डिझेलचे. त्यांना प्लगच नाही. नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते पेटते. तिथे ठिणगीचे दार नसतेच, इंधन आणि दाब एवढी दोनच. जुन्या इंजिनांत मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करून कोणता सिलिंडर मेला आहे ते ओळखत. वायर काढून पाहण्याचाच तो डिझेली अवतार. मात्र नव्या ‘कॉमन रेल’ इंजिनात हा प्रयोग कोणीही करू नये. त्या पाइपातला दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून हातात शिरते.

राहता राहिले ते दुखणे, जे गॅरेजात दिसतच नाही. डिसेंबरातल्या नागपुरी थंडीत सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की मिनिटभर ती लंगडते, पांढरा धूर सोडते आणि मग एकदम शहाण्यासारखी चालू लागते. अकरा वाजता गॅरेजात नेली तर तिथे काहीच नाही. मिस्त्री म्हणतो, गाडी ठीक आहे. घरचे म्हणतात, तुम्हाला भास होतात. रात्रभरात हेड गॅस्केटच्या बारीक फटीतून थेंबभर कूलंट सिलिंडरात उतरत असेल, किंवा एखादा इंजेक्टर रात्री पाझरत असेल, तर असेच होते. कूलंटच्या टाकीतली पातळी रात्री खूण करून ठेवावी आणि आठवडाभर पाहावी. खाली जात असेल तर सरळ गाडी संध्याकाळीच गॅरेजात नेऊन उभी करावी, किल्ली देऊन रिक्षाने घरी यावे, आणि सकाळी पहिला स्टार्टर मिस्त्रीलाच मारू द्यावा, प्लग काढण्याचा पाना हाताशी ठेवून.